नानांची लाइन आणि आमचा सी-७ : साइटच्या वहीतल्या नोंदी

आमचं घर बांधायचा प्लॉट नाशिकला, मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला. ४० बाय ५२ फूट. रस्ता उत्तरेला, मागे दक्षिणेला नानांचं घर. नवरा आठवडाभर संभाजीनगरला असतो, त्यामुळे साइट माझ्याकडे आणि ही वहीही.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

जेसीबी साडेआठला आला. फक्की कालच मारून ठेवली होती, बारा कॉलमचे बारा चौकोन. पहिले सहा खड्डे दोन तासांत झाले. वर फूटभर काळी माती, खाली पिवळा मुरूम. इंजिनिअर खूश.

सी-७ ला, म्हणजे सातव्या कॉलमच्या खड्ड्यात, अडीच फुटांवर बकेटला काहीतरी टक्कन लागलं. ऑपरेटर म्हणाला, ‘दगड आहे मॅडम.’ पुढच्या क्षणी दगडातून साबणाचा फेस आला, मग वास. तपकिरी, चकचकीत चिनीमातीचा सहा इंची पाइप, मधोमध फुटलेला. खड्ड्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून येऊन ईशान्येकडे चाललेला. म्हणजे प्लॉटला तिरका छेद. सी-१० पण त्याच रेषेत येतो.

मागच्या भिंतीवर नाना आले. वय चौऱ्याहत्तर, अंगात बंडी, एका गालाला दाढीचा साबण तसाच. ‘अहो ताई, थांबवा, थांबवा! ती आमची लाइन आहे.’ चोरी उघडी पडली असा चेहरा नव्हता. घरातलं कुणी जिन्यावरून पडावं तसा होता.

काम थांबवलं. बिगाऱ्याने फुटका तुकडा काढून पीव्हीसीचा तीन फुटी तुकडा बसवला, दोन्ही सांध्यांना काथ्या आणि सिमेंट. दुपारी दोनपर्यंत नानांच्या घरात कुणी नळ सोडला नाही. काकू शेजारणीकडे जाऊन आल्या असं नंतर कळलं. जेसीबीचे उरलेले तास वाया, पैसे पूर्ण.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी खात्री. नानांच्या मागच्या चेंबरमध्ये बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओतली. मी रस्त्यावरच्या भुयारी गटाराच्या चेंबरजवळ उभी. मिनिटभरात निळं पाणी आलं. दुसऱ्या कुणाचं पाणी या लाइनला येतंय का, हे बघायला पश्चिमेच्या शेजाऱ्यांकडेही कुंकू घालून तोच प्रयोग केला. त्यांचं लाल पाणी आमच्याकडे फिरकलं नाही. बरं झालं, एकाशीच बोलायचं आहे.

रात्री कागद काढले. हा प्लॉट आम्ही २०१४ मध्ये मूळ मालकाकडून घेतला. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आहे, इंडेक्स-टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आहे, खरेदीखतात ‘निर्वेध व बोजारहित’ असं ठसठशीत लिहिलंय. लेआउटच्या नकाशात लाइन नाही. नसणारच, जमिनीत पुरलेला पाइप कुठल्याच दप्तरात नोंदवलेला नसेल तर वकिलाला तो कुठून दिसणार? दहा वर्षं आम्ही त्या पाइपवरून चालत जाऊन कडुलिंबाला पाणी घातलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनिअर डंपी, म्हणजे लेव्हल मोजायची दुर्बीण, घेऊन आला. रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणाची लेव्हल १००.०० मीटर धरली. आजचे आकडे इथे नीट लिहून ठेवते, कारण पुढची सगळी भांडणं यांच्यावरच होणार आहेत.

आमच्या रस्त्याच्या चेंबरचा तळ : ९८.८०
नानांच्या मागच्या चेंबरचा तळ : ९९.७५
नानांच्या पुढच्या, वरच्या रस्त्याच्या चेंबरचा तळ : १००.२०

म्हणजे आमच्या बाजूला ९५ सेंटिमीटर उतार आहे आणि त्यांच्या स्वतःच्या रस्त्याकडे ४५ सेंटिमीटर चढ. शिवाय मागून पुढे १६ मीटर न्यायचं तर शंभराला एक उतार धरला तरी आणखी १६ सेंटिमीटर हवेत. एकूण ६१ सेंटिमीटर कमी. नानांचं घर वरच्या रस्त्याला तोंड करून उभं आहे आणि संडास-मोऱ्या मागे, खोलगट भागात. त्यांच्या बांधकामाच्या वेळीच कुणीतरी हे बघायला हवं होतं. बघितलं, म्हणूनच तर आमच्यातून लाइन काढली.

‘तुमची लाइन तुमच्या रस्त्याला न्या’ हे वाक्य मी परवापासून तोंडात घोळवत होते. आज ते गिळलं.

९ फेब्रुवारी, रविवार

नवरा आला होता. दोघं नानांकडे गेलो. काकूंनी पोहे केले.

नाना आतून एक जुनी डायरी घेऊन आले. १९९८ ची, कुठल्याशा खत कंपनीने वाटलेली. घराच्या बांधकामाचा पै न् पैचा हिशोब. एका पानावर चिनीमातीचे पाइप, काथ्या, गवंड्याची मजुरी, आणि खाली वेगळ्या शाईत : ‘खालच्या प्लॉटच्या मालकांस विचारले. हो म्हणाले. प्लॉट बांधतील तेव्हा बघू म्हणाले.’

नानांनी ते वाक्य बोट ठेवून वाचून दाखवलं. ‘चोरून नाही टाकली, ताई.’

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला, तो नानांनी स्पीकरवर लावला. मुलगा आवाज न चढवता बोलला, पण पाठ केल्यासारखा : सत्तावीस वर्षं झाली, वीस वर्षांनंतर हक्क होतो, लाइनला हात लावला तर मनाई हुकूम आणू. नाना फोनकडे बघत बसले. काकू म्हणाल्या, ‘चहा टाकू का?’

घरी येताना नवरा म्हणाला, त्या पानाचा फोटो काढायला हवा होता. मी म्हटलं, पोहे खाता खाता?

१२ फेब्रुवारी, बुधवार

वकीलबाईंकडे तासभर. डोक्यात असताना लिहून काढते.

दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याचा, येण्याजाण्याचा असा जो हक्क असतो तो १८८२ च्या ईझमेंट कायद्यात येतो. कलम १५ : वीस वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि ‘हक्क म्हणून’ वापर केला तर तो पक्का होतो. मुलगा म्हणतो ते इतपत खरं. पण मेख ‘हक्क म्हणून’ या शब्दांत आहे. परवानगी मागून केलेला वापर हक्क म्हणून केलेला नसतो, तो परवाना. आणि कलम ५९ सांगतं, परवाना देणाऱ्याने जमीन विकली की घेणारा त्या परवान्याला बांधील नाही. म्हणजे नानांनी ज्या वाक्यावर अभिमानाने बोट ठेवलं, तेच वाक्य त्यांच्या दाव्याला सुरुंग लावतं.

वकीलबाईंनी विचारलंच. ‘फोटो काढलात?’

‘नाही.’

‘हं.’ मग चष्मा काढून म्हणाल्या, त्यांच्या वकिलाकडेही कलम ६० आहे. परवान्यावर विसंबून खर्च करून कायमचं बांधकाम केलं असेल तर परवाना मागे घेता येत नाही. पुरलेला पाइप कायमचा की नाही, ६० मोठं की ५९, यावर दोन वकील आरामात पाच वर्षं काढतील. तोवर तुमच्या सी-७ मध्ये पावसाचं पाणी.

कामाचं कलम त्यांनी शेवटी सांगितलं, २२ वं. ज्याला हक्क आहे त्यानेही तो जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल असाच वापरायचा. आणि स्वतःचं नुकसान न होता तो जमिनीच्या एका ठरावीक पट्ट्यापुरता ठेवता येत असेल, तर मालकाने मागणी केल्यावर तसा ठेवायचा. म्हणजे मुलाचं सगळं म्हणणं मान्य केलं तरी लाइन तिरकी मधूनच जायला हवी, असं त्याला म्हणता येत नाही.

चुलतदिराने सुचवलेला तहसीलदारांकडचा अर्जही विचारला. जमीन महसूल संहितेतलं कलम ४९ दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप नेण्याचंच आहे, पण ते शेतीच्या पाण्यासाठी. संडासाच्या लाइनला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काम बंद. सी-७ मध्ये मांजर पडलं होतं, शिडी लावून काढलं. बँकेच्या कर्जाचा पुढचा हप्ता प्लिंथ (जोतं) झाल्यावरच, व्याज मात्र पहिल्या हप्त्यापासून चालू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनिअरने दोन पर्याय काढले.

पहिला : नानांच्या मागच्या अंगणात टाकी आणि मैलापाण्याचा पंप, पाणी वरच्या रस्त्याला. आमची पूर्ण सुटका. पण वीज गेली की पंप बंद, तो वर्षा-दोन वर्षांत दुरुस्तीला येणार, आणि घरात दोन म्हातारी माणसं. मला हा पर्याय कागदावर फार आवडला होता. इंजिनिअरने फक्त एवढंच विचारलं, ‘पंप अडकला तर रात्री अकराला झाकण कोण उघडणार?’

दुसरा : लाइन आमच्याच प्लॉटमधून, पण कडेने. मागच्या हद्दीलगत पूर्वेकडे १० मीटर, तिथून पूर्वेच्या सामासिक अंतरातून (हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेतून) १६ मीटर, पुढे दोन मीटरवर रस्त्याचं चेंबर. जुनी लाइन २१ मीटर होती, नवी २८ होईल. तीन नवे चेंबर, प्रत्येकात तीन सेंटिमीटर पडती धरली तर ९५ मधले ९ गेले. उरलेल्या ८६ सेंटिमीटरला २८ मीटर म्हणजे साधारण ३३ ला १. या मापाच्या पाइपला शंभराला एकही चालतो, त्यामुळे इथे चैन आहे.

शेवटचे दोन मीटर, म्हणजे आमच्या दारातून रस्त्याच्या चेंबरपर्यंतचा जुना पाइप, धड आहे. बॅटरी आणि आरसा लावून पाहिला, पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला. तो तसाच ठेवायचा. म्हणजे रस्ता फोडायची परवानगी नको. सिंहस्थ तोंडावर आलाय, शहरातले अर्धे रस्ते आधीच उघडे आहेत, त्या रांगेत आपण नको.

सासूबाईंची हरकत आली. ईशान्येला गटाराचं चेंबर? देवघराची दिशा! मी म्हटलं, जमिनीचा उतार ईशान्येला असावा असंही तेच शास्त्र सांगतं ना? मग उतार ईशान्येला ठेवून सांडपाणी कुठे पाठवायचं? त्यांनी थोडा विचार केला आणि झाकणावर तुळस ठेवायची नाही एवढ्या अटीवर मान्य केलं.

२ मार्च, रविवार

मुलगा पुण्याहून आला. येताना फाइल घेऊन आला होता, ती शेवटपर्यंत उघडली नाही.

त्याला आधी काही समजावलं नाही. गवंड्याला लेव्हलचा पाइप आणायला सांगितला, तीच ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक मुलाच्या हातात, त्यांच्या पुढच्या चेंबरवर. दुसरं माझ्या हातात, मागच्या चेंबरवर. पाणी स्थिर झाल्यावर खाली मापं घेतली आणि तो स्वतःच म्हणाला, ‘हे उलटं आहे.’ वडिलांच्या घराचा संडास आपल्या रस्त्यापेक्षा खाली आहे, हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळलं. नाना म्हणाले, ‘मी काय फोनवर सांगत होतो तुला?’

मग बोलणं भराभर झालं. वाटणी नानांनीच सुचवली : पाइप आणि चेंबर त्यांचे, खोदकाम आणि मजुरी आमची. कायद्याच्या पुस्तकात शोधलं तर खर्च हक्क वापरणाऱ्याचा. पण पाइप हलवायची गरज माझी होती, त्यांचा तर चालू होता.

६ मार्च, गुरुवार

कराराचा मसुदा एका शब्दावर अडला.

वकीलबाईंनी लिहिलं होतं, ‘सन १९९८ मध्ये तत्कालीन मालकांच्या संमतीने टाकलेली लाइन’. मुलाने ‘संमतीने’ खोडून ‘हक्काने’ केलं. त्यानेही कुणाला तरी विचारलं असणार. वकीलबाईंनी परत ‘संमतीने’ केलं. दिवसभर तो कागद व्हॉट्सॲपवर पुण्याला जाऊन येत होता.

मला त्या डायरीतलं पान आठवत होतं. मी एकदा म्हटलं असतं, नाना, तुमच्याच अक्षरात आहे ना? तर ते नाही म्हणाले नसते. हेच अवघड होतं.

संध्याकाळी वकीलबाईंना फोन करून सांगितलं, तो परिच्छेदच काढा. १९९८ नको, जुनी लाइन नको. करार आजपासून सुरू : आमच्या मागच्या आणि पूर्वेच्या हद्दीलगत ६० सेंटिमीटरचा पट्टा, त्यात नानांच्या घराच्या सांडपाण्याची एक लाइन, दुरुस्तीसाठी आधी सांगून येण्याची मुभा, पट्ट्यावर आम्ही पक्कं बांधकाम करायचं नाही. पावसाचं पाणी या लाइनला जोडायचं नाही. पुढचं चेंबर सामाईक, कारण आमचीही लाइन तिथेच मिळते. ते तुंबलं तर खर्च निम्मा-निम्मा. मागच्या दोन चेंबरचं काहीही झालं तर नानांचं.

वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या बाजूचा मुद्दा तुम्ही सोडताय. हो म्हटलं.

नोटरी पुरणार नाही. स्थावर मिळकतीतला हक्क आहे, नोंदणीच हवी, म्हणजे उद्या आम्ही किंवा त्यांनी विकलं तरी पुढच्याला बघायला मिळेल. प्लॉट बँकेकडे गहाण, म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र. अर्ज दिला.

१० मार्च, सोमवार

चर खणायला सुरुवात. सामासिक अंतर दीड मीटर, त्यात कॉलमच्या फुटिंगची (खालच्या रुंद पायाची) कड बाहेर येते, पलीकडे उद्याच्या कंपाउंडचा पाया. दोहोंच्या मध्ये पाइप. त्यातल्या त्यात एक सोय आहे, फुटिंगचा तळ पाच फुटांवर आणि पाइप त्याच्या बराच वर, त्यामुळे चरामुळे पायाखालची माती सुटण्याची भीती नाही. तरी आधी फुटिंग आणि मग चर असा क्रम इंजिनिअरला हवा होता. पण सी-७ अडलेला, म्हणून उलट.

१२ मार्च, बुधवार

आग्नेयेच्या चेंबरला काळा पाषाण लागला. टिकावाला ठिणग्या. ब्रेकर मागवला, दीड तासाचं काम, पण आवाजाने काकूंचं डोकं दुखलं. उद्या होळी, मजूर अर्ध्या दिवसाने जाणार. गावी पोळी खाऊन सोमवारी येतो म्हणाले.

१७ मार्च, सोमवार

पाइप बसला. १६० मिलिमीटरचा, रबरी रिंगचा, सहा मीटरचे पाच नग. खाली चार इंच कचखडी अंथरली, लाइनदोरी ताणली. प्लंबर पाणसळ ठेवून ‘बघा, बुडबुडा बरोबर’ म्हणत होता. लहान पाणसळीवर ३३ ला १ आणि ४५ ला १ सारखेच दिसतात. दर दोन मीटरवर दोरीपासून पट्टीने मोजायला लावलं. एका ठिकाणी पाइपच्या पोटाला सव्वा इंचाचा झोळ निघाला. तिथेच उद्या सगळा गाळ बसला असता. रिंगला साबणाचं पाणी लावून पुन्हा काढला, पुन्हा बसवला. प्लंबर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

१८ मार्च, मंगळवार

चाचणी. खालचं तोंड बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरलं आणि भिंतीवर खडूने रेघ मारली. अर्ध्या तासाने रेघ ओलीच. मग पाणी सोडून चेंडू. पाइपच्या आतल्या व्यासाहून अर्धा इंच लहान हवा असतो. दुकानात प्लास्टिकचे चार चेंडू मोजून पाहिले, पाचवा बसला. वरून सोडला, खाली टपकला. शेजारची मुलं जमली होती, त्यांनी आणखी सहा वेळा चाचणी घेतली.

चार वाजता नानांचं चेंबर नव्या लाइनला जोडलं. काकूंनी मोरीत पहिली बादली ओतली, मी खाली उभी. जुन्या पाइपातून शेवटचं थोडं पाणी निथळलं आणि थांबलं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी, काम बंद. जाऊबाईंबरोबर शनि चौकात रहाड बघायला गेले. वर्षभर मातीखाली बुजवलेला हौद उकरून रंगाने भरतात, उड्या मारतात, पुन्हा बुजवतात. पुरलेलं काय आणि कुठे आहे हे अख्ख्या पेठेला तोंडपाठ. आमच्या लेआउटमध्ये एक पाइप कुणाला ठाऊक नव्हता.

२२ मार्च, शनिवार

जुने पाइप उकरले. सी-७ आणि सी-१० च्या खालचे पूर्ण काढले, उरलेल्या तुकड्यांची तोंडं काँक्रीटने बंद केली. पोकळ राहिले तर उंदरांचा बोगदा आणि पावसात पाण्याची आयती वाट, थेट फुटिंगखाली.

सी-७ च्या तळाशी महिनाभर सांधा पाझरत होता. मुरूम भिजून शिऱ्यासारखा झाला होता. इंजिनिअरने अंगठा रुतवून दाखवला. आणखी सव्वा फूट खणून घट्ट मुरूम गाठला. ही जादा खोली मातीने भरायची नाही, साध्या काँक्रीटने भरली. काल्पनिक नव्हे, रोख नुकसान म्हणजे एवढंच.

हिशोब : पाइप १०,७५०, जोड १,९००, तीन चेंबर १३,५००, हे नानांचे २६,१५०. जेसीबी आणि ब्रेकर ३,६००, मजुरी ११,०००, कचखडी २,४००, हे आमचे १७,०००. एकूण ४३,१५०. नानांनी पैसे पाकिटात दिले, वर ‘शुभकार्यास’ छापलेलं. घरात दुसरं पाकीट नव्हतं म्हणाले.

२८ मार्च, शुक्रवार

बँकेचं पत्र मंगळवारी आलं, आज दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. सर्व्हर दोन तास बंद. नानांच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. कातडी झिजली आहे. ओल्या रुमालाने पुसून पाचव्या वेळी घेतला. कराराला नकाशा जोडलाय, त्यात चेंबरची हद्दीपासूनची अंतरं आणि तळाच्या लेव्हल आहेत. एक प्रत नानांकडे. त्यांनी ती घडी घालून त्याच डायरीत ठेवली.

१ एप्रिल, मंगळवार

सी-७ आणि सी-१० चं फुटिंग भरलं. आता बारापैकी बारा. उद्यापासून पाणी मारणे, सकाळ-संध्याकाळ.

बाकी : मधल्या चेंबरचं झाकण अर्धा इंच वर राहिलंय, फरशी लावताना बघू. प्लंबरचे ८०० द्यायचे आहेत. नाना विचारत होते, उरलेले दोन धड चिनीमातीचे पाइप कुठे टाकलेत, त्यांना हवेत.